आधी खरं सांग, मग पूड घे

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी बोर्ली पंचतनाच्या अलीकडच्या त्या कुणबीवाडीत चुली उशिरा पेटत आणि गुरं उशिरा सुटत. गर्दी असायची ती फक्त ठमाबाईच्या पडवीत. आदल्या दिवशी पालखी खांद्यावर नाचवणारे धटिंगण गडी तिथं भिंतीला पाठ लावून, पोटावर हात ठेवून बसलेले असायचे. वर्षभर पेज आणि सुक्या मासळीवर राहणारी ही पोटं. त्यांत दोन दिवसांत पुरणपोळ्या, मटण, माडी आणि डोंगराकडून आलेली मोहाची, एवढं सगळं कोंबल्यावर दुसरं काय होणार? पण हे दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी गड्यांना त्याचं नवल वाटायचं.

ठमाबाईकडे पूड होती. ती तिला सासूकडून मिळालेली. माघ लागला की ओवा लिंबाच्या रसात भिजवायचा, उन्हात वाळवायचा, पुन्हा भिजवायचा, असं सात वेळा. मग त्यात सुंठ, पादेलोण, तव्यावर फुलवलेला हिंग, बाळहिरडा. सगळं खलात कुटून चिनीमातीच्या बरणीत. पूड एकच, पण ती कशातून घ्यायची हे ज्याच्या त्याच्या पापावर. मटणावर कढत पाण्यातून, माडीवर आमसुलाच्या आगळातून, मोहाच्यावर ताकातून. चुकीच्या पाण्यातून घेतली तर पोट बसायचं सोडून उलट उठायचं. म्हणून सासूनं, म्हणजे आवडाबाईनं, मरताना बरणीबरोबर नियमही हातात दिला होता. आधी विचारायचं. पडवीत, चारचौघांत. काय खाल्लंस, किती खाल्लंस, कुठं बसून प्यालास. खरं सांगेल त्याला पूड. लपवेल त्यानं पोट धरून घरी जावं. मोल काही घ्यायचं नाही. खरं बोलणं हेच मोल.

आता पुरुषाच्या जातीला हे मोल भारी पडतं. मागच्या वर्षी बाळाजीनं छाती पुढं काढून "दोन पोळ्या" सांगितल्या, दोन पोळ्यांपुरती पूड घेतली आणि दिवस करवंदीच्या जाळीमागं काढला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "काकी, अकरा व्हत्या." मुंबईच्या गिरणीतून येणारे गडी तोवर फसफसणाऱ्या मिठाच्या बाटल्या आणायला लागले होते. ते मीठ कुणाला काही विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण बाटली पहिल्या रात्रीच संपायची आणि दुसऱ्या दिवशी बाटलीवालेही मुकाट ठमाबाईच्या पडवीत येऊन बसायचे.

साऱ्या वाडीत विचारायचं नाही असा माणूस एकच. तिचा नवरा, धर्माजी. स्वतःच्या नवऱ्याला पडवीत बसवून "किती प्यालात?" असं कोण विचारील? त्याचं फुलपात्र सकाळीच आगळ घालून माजघरात जायचं आणि रिकामं होऊन बाहेर यायचं. वीस वर्षं असंच चाललं होतं. अख्ख्या गावाला खरं बोलायला लावणाऱ्या बाईच्या घरातलं हे धोरण कुणालाच खटकलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

सन एकतीसच्या शिमग्याला तिची लेक राही बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला माणगावकडं दिलेली. हे तिसरं. पहिलं सहाव्या दिवशी गेलं, दुसरं रडलंच नाही. या खेपेला राहीला दिवस गेल्याचं कळलं तसा ठमाबाईनं गावदेवी काळकाईला नवस बोलला: मूल जिवंत हाती आलं तर बोकड तुझा. बोकडही तिनंच निवडला. तपकिरी, कपाळावर पांढरा चांद. सुपारीच्या आडकित्त्यानं त्याच्या डाव्या कानाला तिनं खाच पाडली आणि त्याला वरच्या कातळाच्या सड्यावरच्या धनगराच्या कळपात सोडून दिलं. कानाला खाच म्हणजे जनावर देवीचं. चोर त्याला हात लावत नाही, भुकेला लावत नाही. शिमग्यात लाकडं चोरावीत, कोंबड्या पळवाव्यात, सगळं माफ. पण खाच पाडलेला कान दिसला की हात मागं घ्यायचा. हे त्या वाडीत लेकराला बोलायच्या आधी कळायचं.

त्या वर्षी पालखीच्या खांदेकऱ्यांना बोकड द्यायची पाळी धर्माजीची होती. पाळीच्या घरानं बोकड द्यायचा, देवळामागं तो कापायचा, मुंडी गावकराला, म्हणजे वाडीच्या मानकऱ्याला, बाकीचे वाटे पळसाच्या पानावर घरोघर. पाळीसाठी धर्माजीनं एक काळा बोकड दोन वर्षं वाढवला होता. तोही त्याच धनगराकडं. धुळवडीला दिवस कलताना वाटा घरी आला. ठमाबाईनं भरपूर खोबरं-मिरी वाटून रस्सा केला. काळीज तेवढं निगुतीनं बाजूला काढलं, निखाऱ्यावर भाजलं आणि राहीच्या पुढं ठेवलं.

"खा. दोन जीवांची हायेस. रगत भरंल."

राहीनं सगळं खाल्लं. ठमाबाईनं स्वतः दोन तुकडे घेतले. धर्माजी पुरुषांबरोबर देवळापाशी जेवून आला होता. तो दारात उभा राहून लेकीचं खाणं बघत होता. बराच वेळ बघत होता. मग जाऊन निजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे राहीच्या पोटात दुखायला लागलं. ठमाबाईला आधी वाटलं, मटण बाधलं. ती बरणी काढतच होती, तेवढ्यात शेजारची मनुबाई आली. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. राहीच्या पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "बरनी ठेव बाजूला. ही कळ मटनाची न्हाय, बाळाची हाय. म्हयना आधीच निघालंय."

महिना आधी! ठमाबाई बरणी ठेवून लेकीजवळ सरकली. पण बाळंतिणीच्या खोलीत मनुबाई दुसऱ्या बाईला उभी राहू देत नसे. "तू भायेर जा, तुजे गडी सांभाळ," म्हणून तिनं दार ओढून घेतलं. बाहेर अकरा जण पोटं धरून बसले होते. ठमाबाईनं धर्माजीचं फुलपात्र माजघरात दिलं, ते रिकामं होऊन परत आलं, आणि ती पडवीत येऊन बसली. हाताला काम असलं की कान कमी ऐकतात.

पहिला दादू. विशीतला, धिप्पाड, पुतण्या लागायचा.

"काय खाल्लंस?"

"मटान, काकी."

"किती?"

"वाट्याचं."

"वाट्याचं खाऊन असं थोबाड व्हत न्हाय."

दादूनं डोकं खाजवलं. "मंग… बाळाजीच्या वाट्याचं बी. त्यो माडी पिऊन आडवा पडलेला. म्हटलं वाया जाईल."

भिंतीशी कण्हत असलेला बाळाजी ताडकन उठून बसला. "तरीच! मी बायकोला म्हनतोय, कुत्र्यानं पान इतकं साफ कसं चाटलं!"

पडवी हसली. हसताना प्रत्येकाचा हात आपापल्या पोटावर घट्ट. दादूला हसू आवडलं, तो आणखी सांगायला लागला. "काकी, पन बोकड काय निवडलाय काकानं! सोलायला मीच हुतो. काय कातडं! तपकिरी, रेशमासारखं."

ठमाबाईचा पुडीतला चमचा थांबला. "तपकिरी? आमचा काळा हाय."

"काळा कुटला? तपकिरी. कपाळावर ह्यो एवढा चांद."

पडवीतलं हसू एकदम मेलं. ठमाबाईनं चमचा बरणीत ठेवला आणि रांगेच्या मधोमध बसलेल्या कोंडाजीकडं वळली. कोंडाजी गावकर होता आणि नात्यानं तिचा धाकटा चुलतदीर.

"भावोजी, मुंडी तुमच्याकडं आली."

"आली." कोंडाजी उठायलाच लागला. "वैनी, मला आता बरं वाटतंय. पूड नको."

"बसा." तो बसला. "मुंडीचा डावा कान कसा हुता?"

कोंडाजीनं पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, पुन्हा डोक्यावर घातलं. "कान नव्हता, वैनी. बुडापासनं कापलेला. मी इचारलं. म्हनले, कुत्र्यानं नेला."

"कोन म्हनलं?"

गावकरानं माजघराच्या दाराकडं पाहिलं. पडवीतली अकराच्या अकरा डोकी त्याच दाराकडं वळली.

वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते ठमाबाईनं केलं. जागेवरूनच, पदर न सावरता, ती ओरडली, "अवो, भायेर या."

धर्माजी आला. चौकटीला धरून उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दारू पिऊन बायकोला मारणारा नव्हता, लेकीवर जीव होता. त्याला फक्त चारचौघांत मान खाली घालायची भीती. तेवढ्यानंसुद्धा माणूस काय काय करतो!

"काळ्याला माघातच बिबट्यानं नेला," तो म्हणाला. "कुनाला बोललो न्हाय. पाळी माजी. पालखी आली आनि धर्माजीकडं बोकड न्हाय, असं कसं व्हायचं? म्हटलं, राहीला अजून म्हयना हाय. बोर्लीच्या बाजारातनं दुसरा आनू, कानाला खाच पाडू. बोकडाला बोकड. देवीला काय…"

"कान कुटं हाय?"

"मी कापला. कुनाला दिसू नये म्हनून. वढ्यात टाकला."

खाच पाडलेला कान दिसला म्हणून लोक हात मागं घेतात. यानं कानच नाहीसा केला. रांगेतल्या एकानं तोंडावर हात दाबला. बाळाजी पुटपुटला, "आय गं, देवळापाशी मी दोनदा वाढून घेतला." ठमाबाई मात्र नवऱ्याकडं नुसती बघत होती. कारण तिला आता निखाऱ्यावरचं काळीज दिसत होतं.

"तुमी काल दारात उभे हुता," ती हळू म्हणाली. "मी राहीला काळीज वाढलं तवा."

"हुतो."

"आनि बोलला न्हाय?"

"जीभ उचलली न्हाय, राहीच्या आये. घशाशी आलं, पन…"

पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण आतून राहीची किंकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ मनुबाईचा दटावणारा आवाज. ठमाबाई भिंत धरून उभी राहिली. ज्या बाळासाठी देवीला बोकड बोलला, त्या बाळाच्या आईलाच तो बोकड चारला होता. दुसऱ्या कुणी नाही, तिनं स्वतः, आग्रह करकरून. पोटातलं ते पोर आता त्या मटणाच्या रक्तावर होतं. हे असलं काही कुणी ऐकलं तरी होतं का? नवस चुकलेले ठाऊक होते, विसरलेले ठाऊक होते. नवस खाल्लेला कुणाला ठाऊक नव्हता.

तिनं बरणीचं झाकण लावलं. "पूड कुनाला न्हाय," ती म्हणाली.

"काकी!" बाळाजी कळवळला. "पोटात पेटलंय!"

"पेटू दे. ते तुजं न्हाय, देवीचं हाय. देवीचं देवीला परत द्यायचं."

ती आत गेली आणि फडताळातून गेळफळांची पोटली घेऊन आली. गेळफळ म्हणजे डोंगरातलं लिंबाएवढं फळ. वाळवून ठेवायचं, आणि कुणाच्या पोटात विष गेलं तर काढा करून पाजायचा. पाजलेला माणूस आतडीसुद्धा बाहेर पडतील इतकं ओकतो. आवडाबाईनं हेही शिकवलं होतं आणि बजावलं होतं की मोजून दे, फळ चढलं तर विषाआधी ह्यानंच माणूस जाईल. पडवीतल्या प्रत्येकाला गेळफळ ओळखू आलं. अकरा धटिंगण भिंतीला आणखी चिकटले.

"पन काकी," दादूनं विचारलं, आणि प्रश्न वाजवी होता, "काल खाल्लेलं आता वर कुटं असंल?"

"जेवडं असंल तेवडं."

"वैनी, मी गावकर हाय," कोंडाजी म्हणाला. "देवळापुढं गावकरानं वकायचं?"

"बिनकानाची मुंडी बघून गप शिजवलीत तवा गावकर कुटं गेला हुता?"

कोंडाजीनं पागोटं पुन्हा काढलं, आणि या खेपेला ते पडवीतच ठेवलं. सगळ्यांत आधी तोच उठला. गावकर उठल्यावर बाकीच्यांना बसून कसं चालेल? बायकापोरांनी नकळत खाल्लं, त्यांचं देवी बघून घेईल, असं ठमाबाईनं ठरवलं. पाळी ज्याची, कापणं ज्यांचं, सोलणं ज्यांचं, वाटणं ज्यांचं, ते सगळे चालले. धर्माजी सर्वांत मागं. ठमाबाईच्या हातात काढ्याचं तपेलं.

देवळासमोरच्या आवारात त्या सकाळी जे झालं ते लिहिण्यासारखं नाही, आणि न लिहिण्यासारखंही नाही. अकरा अधिक एक बारा पुरुष एका ओळीत उकिडवे बसले, एकेक वाटी प्यायले आणि थोड्या वेळात बाराच्या बारा कोसळले. कुणी झाडाला मिठी मारली, कुणी काळकाईला हाका मारल्या, बाळाजीनं आईला मारल्या. दादूच्या पोटातून इतकं निघालं की एवढ्याही अवस्थेत कोंडाजी म्हणाला, "ह्यात दुसऱ्यांचे बी वाटे हायत." हरिहरेश्वराकडं निघालेले चार यात्रेकरू वाटेवर थबकले. एकदम बारा माणसं ओकताना पाहून त्यांना दुसरं काय वाटणार? "पटकी!" म्हणून ते ओरडले आणि आल्या वाटेनं पळत सुटले. पुढं आठ दिवस त्या वाडीकडं बांगडीवाला फिरकला नाही.

बाराव्याचं झालं तरी ठमाबाई तपेल्यापाशीच उभी होती. तिनं दोन वाट्या भरल्या आणि देवीच्या पायरीवर ठेवल्या.

धर्माजी गुडघ्यांवर रांगत तिच्याजवळ आला. चेहरा राखेसारखा. "दोन कशाला?"

"एक माजी. एक राहीची. बाळंतिनीला ह्यो काढा पाजला तर जागीच जाईल ती."

"राहीची मी घेतो."

"तुमची तुमी घेतलीत. लेकीला वाढलं मी."

"ठमे, दोन न्हाय सोसायच्या तुला. तूच म्हनतीस, मोजून…"

वीस वर्षांत त्यानं तिला गावासमोर नावानं हाक मारली नव्हती. ती थांबली, पण एवढीच. देवीकडं बघत म्हणाली, "खाल्लं ते आमी. राहीचा दोष न्हाय, मी वाढलं ते तिनं खाल्लं. तिचा हिशेब माज्याकडनं घे." आणि पहिली वाटी, तिच्या मागोमाग दुसरी, तिनं औषधासारखी नाही, ताकासारखी गटागटा घेतली.

अंगानं किडकिडीत बाई. एका वाटीनं दादूसारखा रेडा आडवा झाला होता. तिला जे झालं ते बघून बाराही पुरुष स्वतःचं विसरले. ओकारी थांबेना. आधी अन्न, मग पिवळं पित्त, मग नुसते कोरडे उमासे. हात थंड पडले. दादू तिचं डोकं धरून रडत होता, एवढा मोठा गडी. धर्माजी देवळाच्या भिंतीवर कपाळ आपटत होता आणि त्याला अडवायलाही कुणात त्राण नव्हतं.

तेवढ्यात मनुबाई येताना दिसली. पळत नव्हती. वयानं तिला पळता येत नव्हतं. हात कोपरापर्यंत ओले, नऊवारीचा काष्टा खोचलेला. आवारात पसरलेली बारा माणसं आणि तेरावी बाई बघून ती जागच्या जागी उभी राहिली.

"काय गं बाई ह्ये! काय प्यालात सगळे?"

ठमाबाईनं मान उचलायचा प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज फुटला नाही. तिच्या वतीनं कोंडाजीनं विचारलं, "मनुबाय, रडलं का?"

"रडलं का? आरं, गप बसंना म्हनून मी भायेर आले! लेक हाय. मुठीएवडीच हाय, पन काय गळा!" मग ठमाबाईजवळ गुडघे टेकून तिचा थंड हात आपल्या ओल्या हातात घेत ती ओरडली, "मेल्यांनो, बघत काय बसलात? पेजेचं पानी आना! मीठ घालून!"

बारा पुरुष एकदम उठले. एकमेकांवर आपटत, धडपडत, पण उठले.

ठमाबाईला आठ दिवस अंथरूण सुटलं नाही. पोरगी जगली. ती बोकडामुळं, गेळफळामुळं की मनुबाईच्या हातामुळं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. वाडीनं ठरवलं तसंच ठरवायला पाहिजे असं काही नाही. धर्माजीनं बाजारातून दुसरा बोकड आणला. त्याच्या कानाला खाच ठमाबाईनं पाडली नाही; आडकित्ता नवऱ्याच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. त्याच्याकडून खाच वाकडी पडली.

पुढच्या धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पडवीत पुन्हा रांग. राही वर्षाच्या लेकीला घेऊन शिमग्याला आली होती. बाळाजी होता, दादू होता, कोंडाजीही. सगळ्यांची पोटं पुन्हा तशीच. माणसं शहाणी होतात ती इतपतच. ठमाबाईनं बरणी उघडली, सवयीनं एक फुलपात्र आगळ घालून बाजूला ठेवलं आणि ते घेऊन माजघराकडं वळली. माजघर रिकामं होतं. धर्माजी रांगेच्या शेवटी, दादूच्या पलीकडं, भिंतीला पाठ लावून बसला होता.

एकेकाचं सांगून झालं. त्याची पाळी आली.

ठमाबाईनं पदर सावरला. "काय खाल्लंत?"

"पोळ्या. चार."

तिनं फुलपात्र आपल्याकडं ओढलं.

"सात," धर्माजी म्हणाला. "आनि माडी. दोन… तीन मडकी."

"कुनाची?"

त्यानं माडी देणाऱ्याचं नाव सांगितलं. ठमाबाईनं फुलपात्र त्याच्यापुढं सरकवलं, आणि तो प्यायला वाकला तसा त्याच्या मांडीवर बसलेल्या नातीनं आगळाच्या त्या लाल पाण्यात हात घातला.